टर्बो बदलण्याआधी तो का गेला ते तरी बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढच्या पट्ट्यातला शेतकरी. वाचकांच्या पत्रात रस्ता, पाणी, लाईट, सीमाप्रश्न सगळं येतं, गाडीच्या टर्बोबद्दल (इंजिनात हवा दाबून घालणारा भाग) कुणी लिहीत नाही, मेस्त्री लोकांचा विषय म्हणून सोडून देतात. पण आमच्याकडं पावसाळ्यात कणकुंबी, आमगाव, भीमगडच्या जंगलाकडच्या गावांना जायचं म्हटलं की साध्या गाडीचं काम नसतं, पेशंट असला तर झोळी करून खांद्यावरनं डांबरी रस्त्यापर्यंत आणायला लागतं हे आपल्याच पेपरात कितीतरी वेळा आलंय, आणि तिथनं पुढं बेळगावला न्यायला जी गाडी उभी असते ती बहुतेक वेळा कुणाची तरी जुनी डिझेल फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद मिळणारी) असते, मोठे टायर घातलेली, उंच केलेली, स्नॉर्केल (पाण्यात जाताना इंजिनाची हवा उंचावरनं ओढायचा पाईप) लावलेली. अशी गाडी चोर्ला रस्त्याला अर्ध्यात टर्बो जाऊन थांबली तर ते नुसतं मालकाचं नुकसान नसतं म्हणून हे पत्र लिहायलोय.

माझ्या गाडीचे दीड वर्षात दोन टर्बो गेले. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच, गाडीत जे काय बदल केले ते आम्हीच केले. ३१ इंची टायर, गाडी उंच करायची लिफ्ट, पुढं जड बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), स्नॉर्केल, आणि पिकअपसाठी एक ट्यूनिंग बॉक्स. पहिला टर्बो गेला तेव्हा घाट चढताना अचानक पिकअप गेली, मागं निळा धूर, आणि बॉनेटमधनं शिट्टीसारखा बारीक आवाज. गॅरेजवाल्यानं दहा मिनिटात सांगितलं टर्बो गेला, नवीन घातला, बिल दिलं, जुना मी मागितला म्हणून पोत्यात घालून दिला. का गेला असं विचारलं तर म्हणाला टर्बो हाय, जातोच. त्या वर्षीचे काजूचे पैसे त्यात गेले. आणि तीन हजार किलोमीटर झाले नाहीत तोवर दुसरा गेला!

दुसऱ्या वेळी मी गाडी उद्यमबागला एका वयस्कर मेस्त्रींकडं नेली. त्यांनी गाडीला हात लावला नाही, आधी पोत्यातला पहिला टर्बो बाहेर काढून बाकावर ठेवला, दुसरा उतरवून त्याच्या शेजारी ठेवला, आणि मला म्हणाले, "हे मेलेत ते दिसालंय, मारलं कुणी ते बघायचं की नको?" हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. टर्बो आपण होऊन क्वचित मरतो, त्याला दुसरं काहीतरी मारतं, आणि मारणारा गाडीत तसाच ठेवून नवा घातला की त्याचीबी तीच गत.

त्यांनी मला जे दाखवलं ते जमेल तसं लिहितो, कारण हे मराठीत कुठं सांगितलेलं मला सापडलं नाही.

टर्बो म्हणजे एका शाफ्टला दोन बाजूला दोन पंखे. एका बाजूचा सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो, दुसरा त्याच शाफ्टवर असल्यामुळं फिरतो आणि बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात ढकलतो. आपलं डिझेल इंजिन चार हजार आरपीएमला ओरडायला लागतं, हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो. एवढ्या वेगाला बॉल बेरिंग फार कमी गाड्यात, बहुतेकांत शाफ्ट नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणजे टर्बोचा जीव दोनच गोष्टीत, स्वच्छ हवा आणि स्वच्छ ऑइल, त्यात तिसरी घाला ती उष्णता. मेस्त्री म्हणाले शंभरातले बहुतेक टर्बो यातल्याच कशानं तरी मरतात आणि मरताना खूण ठेवून जातात.

पहिल्या टर्बोचा हवेकडचा पंखा मी हातात घेतला तर पात्यांच्या पुढच्या कडा झिजून बोथट झालेल्या, सँडपेपरनं घासल्यासारख्या. पातं तुटलेलं असतं तर नट, वॉशर, क्लिपचा तुकडा असं काहीतरी आत गेलं असं समजायचं. नुसतं सगळीकडनं सारखं घासलेलं म्हणजे धूळ. आमच्या भागातली लाल माती डिसेंबरपासनं मेपर्यंत पिठासारखी उडते, पुढं उसाचा ट्रॅक्टर असला तर दहा फुटावरचं दिसत नाही. पण फिल्टर होता की गाडीला, मग धूळ गेली कुठनं? मेस्त्रींनी फिल्टरच्या पुढचा, म्हणजे फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला पाईप काढला आणि आतनं पांढरं फडकं फिरवलं. फडकं लाल!

झालं असं होतं की स्नॉर्केल बसवताना फिल्टरचा डबा कापला, त्याची एक क्लिप मोडली, झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नव्हतं आणि फिल्टरचा रबर तिथं वाकडा राहिला होता. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट. एवढ्या फटीतनं सगळ्या उन्हाळ्याची माती टर्बोनं खाल्ली. स्नॉर्केलवाल्यांनी हे मनावर घ्यावं. फिल्टरच्या आधी जॉइंट सैल असला तर धूळ फिल्टरमध्ये अडकते तरी (पाणी मात्र जातं, आणि ओढ्यात गाडी घातल्यावर इंजिनात पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, तो खर्च टर्बोच्याबी पुढचा). फिल्टरच्या नंतर फट असली तर वाचवणारं कुणीच नाही. स्नॉर्केल बसवल्यावर एक साधी टेस्ट करायची, गाडी चालू ठेवून स्नॉर्केलचं तोंड फळकुटानं घट्ट झाकायचं, इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. बंद पडत नसेल तर हवा दुसरीकडनं येतेय. आणि महिन्यातनं एकदा ते पांढरं फडकं, दोन मिनिटाचं काम.

दुसरा टर्बो वेगळ्या कारणानं मेला आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं कारण तो माणसाच्या हातानं मेला. शाफ्ट बेरिंगच्या जागी निळा पडलेला. सायकलचा स्पोक चुलीत तापवला की जसा निळसर होतो तसाच. निळा शाफ्ट म्हणजे ऑइल मिळालं नाही. ऑइल होतं पण घाण होतं तर शाफ्टवर आणि बेरिंगवर चरे दिसतात, आणि ऑइलच आलं नाही तर निळा. मग मेस्त्रींनी टर्बोला वरनं ऑइल आणणारा पाईप सोडला, त्याच्या तोंडाशी लाल सिलिकॉनची दोरी लोंबत होती. नवा टर्बो बसवताना पॅकिंग न घालता, नाहीतर पॅकिंगच्या वर भरपूर सिलिकॉन फासलेलं, बोल्ट आवळल्यावर ते आत दाबलं गेलं आणि ऑइलचं भोक अर्धं बुजलं. शिवाय पाईप जुनाच, आतनं कार्बन धरलेला, बँजो बोल्टच्या (ऑइलचा पाईप टर्बोला जोडणारा पोकळ बोल्ट) भोकात टाचणी जाईल एवढीच जागा. सगळ्या गाड्यांना नसते पण माझ्या गाडीच्या बोल्टमध्ये बारीक जाळी होती, ती काळी कुळकुळीत. पाचशे-सातशे रुपयाचा पाईप वाचवला आणि नवा टर्बो मारला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. इंटरकूलर (टर्बोनं दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा भाग) सोडून उलटा केला तर आतनं वाटीभर ऑइल आणि त्यात चमचमणारी कचकच. पहिला टर्बो मरताना त्याच्या पंख्याचा जो चुरा झाला तो इंटरकूलरमध्येच बसून राहिला होता आणि थोडा थोडा इंजिनात जात होता. म्हणून कुणाचाबी टर्बो गेला तर मी हात जोडून सांगतो, इंटरकूलर, त्याचे दोन्ही पाईप, सगळं उतरवून धुवून घ्या, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, टर्बोला ऑइल आणणारा पाईप नवीन घाला, परतीचा पाईप साफ करा. आणि नवा टर्बो बसवताना त्याच्या ऑइलच्या भोकात आधी स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हातानं फिरवायचा, मग इंजिन स्टार्ट होऊ न देता नुसतं स्टार्टरनं फिरवायचं, म्हणजे क्रँक करायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या टर्बोवर पहिल्याच स्टार्टला रेस केली की त्या काही सेकंदातच बेरिंगला मार बसतो आणि तो मार तीन महिन्यांनी दिसतो, तेव्हा टर्बोच खराब होता असं सगळे म्हणतात.

आता उलट बाजू. टर्बो चांगला असताना गेला म्हणून काढलेलेबी मी बघितलेत. इंटरकूलरच्या पाईपात ऑइलचा ओलसरपणा दिसला की लगेच टर्बो गेला म्हणतात. ब्रीदरची (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) वाफ त्याच पाईपात सोडलेली असते, थोडं ऑइल असणारच. टर्बोत रबरी सील नसतात, लोखंडी रिंगा असतात, ऑइल प्रेशरनं आत येतं आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या ऑइलच्या भांड्यात, आपल्या वजनानं पडतं. परतीचा पाईप चेपला किंवा आत कार्बन धरला, ब्रीदर चोंदला, इंजिनच म्हातारं होऊन चेंबरमध्ये प्रेशर वाढलं, की ऑइलला खाली पडायला वाट राहत नाही आणि ते रिंगांवरनं पंख्याकडं येतं. तिथं टर्बोचा काय गुन्हा? गाडी आयडलला (रेस न देता नुसती चालू) ठेवून ऑइलचं झाकण उघडा, रेल्वे इंजिनासारखे भक भक धूर मारत असेल तर टर्बोचे पैसे खिशात ठेवा आणि आधी इंजिन बघा. एअर फिल्टर पूर्ण चोंदलेला असला तरी टर्बो ऑइल ओढून घेतो, तिथं तर नुसता फिल्टर बदलायचा असतो.

शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघतानाबी लोक फसतात. बोटानं वर-खाली हलवला की थोडा हलतोच, तो ऑइलवर तरंगणारा आहे, ऑइल नसताना जास्तच हलल्यासारखा वाटतो. बघायचं ते हे की हलवल्यावर पातं टर्बोच्या बाहेरच्या कवचाला घासतंय का, आणि आत-बाहेर ढकलल्यावर हलतंय का. आत-बाहेर हाताला जाणवण्याएवढा प्ले असला तर मात्र बेरिंग गेलं.

धुराच्या रंगाचं बहुतेकांना माहीत असतं, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेलला हवा कमी पडतेय. पण काळा धूर आणि पिकअप नाही एवढ्यावर टर्बो काढू नका. बऱ्याच वेळा होसची क्लिप सैल असते किंवा इंटरकूलरचा रबरी होस खालच्या बाजूनं, जिथं दिसत नाही तिथं, फाटलेला असतो. माझ्या गाडीला तिसरा टर्बो घातल्यावरसुद्धा घाटात सुस्स आवाज आणि पिकअप कमी, माझी तर झोप उडाली होती. मेस्त्रींनी पीव्हीसी पाईपचं एक टोपण घेतलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवला, ते टर्बोच्या हवा ओढायच्या तोंडाला होस लावून आवळलं, आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं पंधरा पौंड हवा भरली, त्याच्यावर नाही. इंजिन बंद. मग साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या जॉइंटला. थोडी हवा इंजिनातनं जातेच, ती सोडून द्यायची. इंटरकूलरच्या खालच्या होसला चेंबरच्या बाजूनं हे एवढे मोठे बुडबुडे! लिफ्ट केल्यावर होसच्या आजूबाजूची जागा बदलली होती, होस स्टीअरिंगच्या दांडीला घासून भोक पडलं होतं. होस बदलला, पिकअप परत आली.

हे तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं तेबी त्यांनी सांगितलं. हवा गळते, इंजिनाला पाहिजे तेवढा बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचं प्रेशर) मिळत नाही, म्हणून गाडीचा कंट्रोल टर्बोला अजून जोरात फिरवतो, आणि टर्बो त्याच्या मर्यादेच्या पुढं पळायला लागतो. अशा पळवून मारलेल्या टर्बोची खूण पंख्याच्या पाठीवर असते, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होते. ट्यूनिंग बॉक्सनं, मोठ्या टायरनंबी टर्बोवर असाच जादा ताण येतो. बॉक्स इंजिनाला खोटं सांगून डिझेल जास्त मारायला लावतो, मोठ्या टायरमुळं गिअर उंच झाल्यासारखे होतात, चढाला इंजिन कण्हत चढतं, आणि धूर तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, पिस्टन वाचतो तो ऑइल आणि गार हवेमुळं. म्हणून ज्यांनी डिझेल वाढवलंय त्यांनी आधी मॅनिफोल्डला (इंजिनातला गरम धूर टर्बोकडं नेणारा भाग) धुराच्या तापमानाचं मीटर बसवावं आणि चढाला काटा सातशे डिग्रीच्या पुढं रेंगाळू देऊ नये, गिअर खाली घ्यावा, पाय काढावा. बूस्टचं मीटर तर असायलाच पाहिजे. बूस्ट कमी आणि सुस्स आवाज असेल तर गळती. बूस्ट कमी पण आवाज नाही तर व्हॅक्यूमचा बारीक होस, ॲक्चुएटर (टर्बोचा बूस्ट कमी-जास्त करणारा भाग) बघायचा, हे होस उष्णतेनं चिरतात, स्वस्तात मिळतात. बूस्ट आधी जास्त चढतो आणि मग चेक लाईट लागून गाडी मरगळते, म्हणजे 'लिंप मोड'मध्ये जाऊन आपण होऊन ताकद कमी करते, तर नव्या पद्धतीच्या टर्बोतल्या हलत्या पट्ट्या काजळीनं अडकल्यात. त्या साफ करता येतात, नवा टर्बो लागतोच असं नाही. स्कॅनर लावून कोड नुसता वाचून टर्बो बदलणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की कोड बूस्ट कमी आहे म्हणतो, का कमी आहे ते तो सांगत नाही.

मी माझा ट्यूनिंग बॉक्स काढून टाकला. कायद्याचंबी आहेच, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. पण खरं सांगायचं तर मी कायद्यापेक्षा घाटाला भिऊन काढला.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ही छापताना कृपया कापू नका. टर्बोतनं ऑइल जास्त गळून इंजिनात गेलं की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर चालायला लागतं, आपण होऊन रेस घेतं, पांढरा-निळा धुराचा लोट येतो, आणि चावी काढली तरी बंद होत नाही, कारण चावी डिझेल तोडते, ऑइल कोण तोडणार? अशा वेळी घाबरून बॉनेट उघडून हात घालू नका. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन दबून बंद होतं. ते जमलं नाही तर हवा बंद करायची, स्नॉर्केलवाल्या गाडीला तोंड बाहेरच असतं तर फळकूट किंवा जाड मॅट दाबून धरता येते, हात किंवा पातळ फडकं लावायचं नाही, ओढून घेतं. हेबी जमत नसेल तर सगळ्यांना उतरवून लांब व्हायचं, इंजिन गेलं तर जाऊ दे. सुरुवातीला निळा धूर दिसला, ऑइलचा डिपस्टिक आठवड्यात खाली जायला लागला, तेव्हाच गाडी थांबवली तर ही वेळ येत नाही. मी पहिल्या वेळी निळा धूर बघूनसुद्धा "घरापर्यंत जाईल" म्हणून तशीच चालवत आणली, गाडीत बायको आणि मुलगी होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

घाट चढून वर आल्यावर लगेच चावी बंद करायची नाही हे तर आता शाळकरी पोरांनाबी माहीत आहे, दीड-दोन मिनिटं आयडलला ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल करपून कार्बन होतो आणि तोच कार्बन उद्या भोक बुजवतो. पण कणकुंबीला चहाला थांबलेल्या दहा गाड्या बघा, किती जण थांबतात?

आता विनंती. एक, गॅरेजवाल्या भावांना. तुमच्या हातात कला आहे, उद्यमबाग आणि ऑटोनगरातल्या मेस्त्रींनी जे काम केलंय ते आम्ही लांबलांबच्या लोकांना अभिमानानं सांगतो, पण जुना टर्बो गिऱ्हाईकाला परत द्या, त्याच्यासमोर उघडा आणि बिलावर एक ओळ लिहा की हा कशानं गेला. कारण सापडलं नसेल तर तसं लिहा, आम्हाला राग येणार नाही. दुसरी, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांना बाकावर मेलेले टर्बो ठेवून ही खूण ओळखायला शिकवावं, गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्यानं पडलेत, फुकट मिळतील. आणि संपादक साहेब, आमची पोरं मराठीत शिकलीत, गाड्यांची मॅन्युअल इंग्रजीत, स्कॅनर इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, मग मेस्त्री जे सांगेल तेच खरं धरून चालतात. आठवड्यातनं एकदा अर्धं पान अशा कामाच्या माहितीला दिलंत तर फार उपकार होतील.

माझे दोन्ही मेलेले टर्बो मी भंगारात घातलेले नाहीत, पडवीत ठेवलेत, एक झिजलेला आणि एक निळा. कुणाला बघायचे असतील तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवतो. येताना आपला जुना टर्बो असेल तर तो जरूर घेऊन यावा, पण धुऊन पुसून आणू नये, आहे तसाच, ऑइलसकट आणावा.

आपला,
एक वाचक,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव